वाचक विचारतात : घराजवळच्या क्लासमधले तंतुवाद्य-शिक्षक

व्हायोलिन आणि सतार शिकवणाऱ्या शिक्षकांबद्दल तुमचे प्रश्न मागवले होते. सोसायटीच्या हॉलमध्ये, देवळाच्या सभागृहात किंवा स्वतःच्या बाहेरच्या खोलीत वर्ग चालवणाऱ्या या शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण कोठे आणि कसे झालेले असते, हाच बहुतेक पत्रांचा विषय आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

मुलगी आठ वर्षांची आहे, तिला व्हायोलिन शिकायचे आहे. घराजवळ तीन जण शिकवतात. एक 'संगीत विशारद' आहेत. दुसऱ्या बाईंची ट्रिनिटीची आठवी ग्रेड झाली आहे. तिसरे गृहस्थ अनेक वर्षे वाद्यवृंदात वाजवत होते, पण त्यांच्याकडे कसलेच प्रमाणपत्र नाही. कोणाकडे घालावे? — एक पालक, डोंबिवली

तिघेही शिकलेलेच आहेत, पण तिघांचे शिक्षण वेगवेगळ्या गोष्टींचे झाले आहे. ते आधी समजून घ्या.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. मिरजेच्या या मंडळाच्या परीक्षा आज गावोगावी होतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण असे सात टप्पे आहेत. वर्षाला एक धरला तरी सात वर्षे लागतात, आणि पुढे अलंकार आहेच. म्हणजे विशारद झालेल्या माणसाने रागांचे आलाप, गती, ताना, ताल आणि शास्त्र यांचा क्रमाने अभ्यास केलेला असतो. मात्र एक गोष्ट जरूर विचारा : विशारद कोणत्या विषयात? गायनात किंवा संवादिनीत विशारद झालेले अनेक जण व्हायोलिनही शिकवतात. विषय प्रमाणपत्रावर छापलेला असतो.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षांत ठरावीक रचना, स्वरसप्तके, कानाची परीक्षा, पाहताक्षणी वाजवणे असे भाग असतात. आठव्या ग्रेडपर्यंत पोचलेली व्यक्ती पाच रेषांची स्वरलिपी सहज वाचते आणि तिचा डावा हात व्हायोलिनच्या बोटांच्या पट्टीवर वरपर्यंत फिरतो. एबीआरएसएममध्ये सहाव्या किंवा त्यापुढच्या ग्रेडला बसायचे तर आधी पाचव्या ग्रेडची शास्त्राची किंवा तिच्या तोडीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ट्रिनिटीत तशी अट नाही. त्यामुळे नुसते 'आठवी ग्रेड' म्हटल्याने शास्त्र किती झाले ते कळत नाही. शिवाय आठवी ग्रेड ही विद्यार्थ्याची परीक्षा आहे. डिप्लोमा त्यानंतर येतात, आणि त्यांत वादनाचा डिप्लोमा वेगळा, शिकवण्याचा वेगळा. बाईंनी डिप्लोमा केला असेल तर दोन्हींपैकी कोणता, ते विचारा.

वाद्यवृंदातले गृहस्थ समोर कागद आला की वाजवतात, दहा जणांत सूर मिळवून घेतात, आणि त्यांचा गज (तारांवर फिरवायची केसांची काठी) पक्का असतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात असे वादक पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. त्यांच्याकडे कमी पडण्याची शक्यता असते ती नवशिक्याला पायरीपायरीने नेण्याच्या क्रमाची. स्वतः लहानपणी काय काय केले ते त्यांच्या हाताला ठाऊक असते, पण ते सांगता येतेच असे नाही. अर्थात ते अनेक वर्षे शिकवत असतील आणि त्यांचे विद्यार्थी नीट वाजवत असतील तर कागदाचा आग्रह धरू नका.

या तिन्ही वाटांवर एक गोष्ट सहसा शिकवली जात नाही : आठ वर्षांच्या मुलाचा खांदा, मनगट आणि कंटाळा कसा सांभाळायचा. ते कळायला एक पूर्ण वर्ग बसून पाहा. परवानगी न देणाऱ्या शिक्षकाकडे लहान मूल पाठवू नका. बसलात की पुढील गोष्टींकडे लक्ष द्या.

वाद्य कोण लावतो, आणि तंबोरा चालू आहे का? बेसूर वाद्यावर पाऊण तास गेला तर मुलाचा कान तेवढा वेळ चुकीचाच तयार होतो. गज घोडी (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) आणि पट्टीचे टोक यांच्या मधल्या जागेत, घोडीला समांतर जातो आहे का, आणि तो तिरका गेला की शिक्षक थांबवतात का? सूर चुकला की नुसते 'बेसूर' म्हणतात, की 'बोट किंचित वर सरकव' असे सांगतात? डावा अंगठा वाद्याच्या मानेला आवळला गेला तर त्यांच्या लक्षात येते का? शेवटी, दोन वर्षे शिकलेला एखादा विद्यार्थी ऐकायला मागा. एखादाच हुशार मुलगा दाखवत असतील तर दुसराही ऐका.

वाद्याच्या मापावरूनही शिक्षकाची पारख होते. मुलीला डावा हात सरळ पुढे धरायला सांगून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण ४७ सेंमी भरले तर पाव, ५१ च्या आसपास अर्धे, ५५-५६ ला पाऊण, आणि ५८ च्या पुढे पूर्ण आकार. 'मोठेच घ्या, पुढे उपयोगी पडेल' असा सल्ला चुकीचा आहे. मोठ्या वाद्यावर कोपर ताणले जाते, मनगट आत मोडते, करंगळी स्वरापर्यंत पोचत नाही, आणि ही ठेवण नंतर मोडायला दुप्पट वेळ लागतो.

आमच्या गावात गायनाचे शिक्षकच व्हायोलिन शिकवतात. चालेल का? — सातारा जिल्ह्यातील एक वाचक

रागाच्या शिक्षणासाठी चालेल, आणि चांगलेच चालेल. हिंदुस्थानी व्हायोलिन गळ्याच्या मागोमाग वाढले आहे. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. एन. राजम यांनी ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून गायकी अंग वाद्यावर उतरवले. तुमच्याच जिल्ह्यातल्या वाईत जन्मलेले व्ही. जी. जोग देशभर वाजवत आणि शिकवत राहिले. गायनाच्या शिक्षकांकडे मुलाला बंदिश, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे), स्वराचा लगाव हे सगळे व्यवस्थित मिळते.

उणीव राहते ती उजव्या हाताची. गायक शिक्षक कानाने डावा हात दुरुस्त करतात, कारण सूर चुकलेला त्यांना लगेच कळतो. गज मात्र तसाच राहतो : अंगठा सरळ आणि ताठ, करंगळी हवेत, फक्त मधल्या वीतभर जागेत घासणे. दोन-तीन वर्षांनी विलंबित वाजवायची वेळ आली की स्वर टिकत नाही आणि गज बदलताना प्रत्येक वेळी धक्का ऐकू येतो. उपाय म्हणजे महिन्यातून एकदा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी एखाद्या व्हायोलिनवादकाकडे फक्त गजासाठी जाणे. चांगले शिक्षक याला हरकत घेत नाहीत. त्यांना विश्वासात घेऊनच जा, मुलाला दोघांच्या मध्ये उभे करू नका.

पूर्वी आमच्या वाड्यावर मेस्त्रे सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत. ते कोठे शिकलेले असत? आता तसे शिक्षक कोठून येतात? — म्हापसा

गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तिथे धर्मशिक्षण आणि अक्षरओळखीबरोबर संगीतही शिकवले जाई. मेस्त्रे, म्हणजे या शाळांतले संगीतशिक्षक, त्याच शाळेत लहानाचे मोठे झालेले असत : आधी गायनवृंदात, मग व्हायोलिनवर, मग मोठ्या मेस्त्रेंचे मदतनीस आणि शेवटी स्वतः मेस्त्रे. वेगळे अध्यापक-विद्यालय नसले तरी ही एक पूर्ण शिक्षक-घडण होती.

त्यांच्या पद्धतीचे बळ सोल्फेजमध्ये होते. हाताने ताल देत, स्वरांची नावे घेत, पाच रेषांवरचे स्वर गाऊन वाचायचे. ते पक्के झाल्याशिवाय व्हायोलिन हातात येत नसे. म्हणूनच गोव्यातून मुंबईला गेलेला वादक स्टुडिओत समोर आलेला कागद लगेच वाजवू शके. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते. अँथनी पुढे मुंबईत व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संयोजक म्हणून नावाजले आणि संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. खेड्यातल्या शाळेतून स्टुडिओपर्यंत गेलेली ही साखळी आहे.

१९५२ मध्ये अंतोनियु द फिगैरेदु यांनी पणजीत संगीत अकादमी सुरू केली. तिचे काम पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात चालू राहिले. आज गोव्यात शिकवणाऱ्यांमध्ये या विभागात शिकलेले, लंडनच्या मंडळांचे डिप्लोमा केलेले आणि जुन्या घराण्यांतून वाजवत आलेले असे तिन्ही प्रकारचे लोक भेटतात. २००९ मध्ये सुरू झालेली 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' ही संस्था परिस्थितीने मागे राहिलेल्या मुलांना व्हायोलिन, चेलो अशी वाद्ये शिकवते. नव्या शिक्षकाकडे जाताना एवढेच विचारा : स्वर गाऊन वाचायला शिकवता का? ते सुटले तर मुलगा बोटांचे आकडे पाठ करतो आणि आकडे काढून घेतले की अडतो.

मुलगा आठवड्यातून दोन दिवस पाश्चात्त्य व्हायोलिन आणि दोन दिवस हिंदुस्थानी शिकतो, एकाच वाद्यावर. दर आठवड्याला तार तुटते. शिक्षक एकमेकांना दोष देतात. — नाशिक

दोष तारा सारख्या खालीवर करण्याचा आहे. पाश्चात्त्य पद्धतीत चार तारा जी, डी, ए, ई अशा ठरलेल्या असतात. हिंदुस्थानी पद्धतीत पसापसा (पंचम-सा-पंचम-सा) किंवा सापसाप असे मिळवतात, आणि षड्ज (सा) कोणता धरायचा ते शिक्षकावर असते. समजा षड्ज पांढरी दोन (डी) आणि मिळवणी पसापसा. मग मधल्या दोन तारा तशाच राहतात, सर्वांत जाड तार दोन अर्धस्वर वर चढते आणि सर्वांत बारीक तार दोन अर्धस्वर उतरते. तारेवरचा ताण स्वराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे जाड तारेवरचा ताण जवळजवळ सव्वापट होतो. षड्ज पांढरी एक (सी) धरला तर जाड तार तशीच राहते, मधल्या दोन्ही दोन-दोन अर्धस्वर उतरतात आणि बारीक तार चार अर्धस्वर खाली येते. तिचा ताण एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो, ती लिबलिबीत होते, मींड घेताना स्वर डगमगतो.

आठवड्यातून चार वेळा हे केले की तार खुंटीपाशी आणि घोडीच्या खाचेत झिजते आणि तिथेच तुटते. दुसरे नुकसान लवकर दिसत नाही : खुंटी पिळून तारा चढवताना घोडीचा वरचा काठ दर वेळी थोडा पट्टीकडे ओढला जातो. घोडीची टेलपीसकडची (तारांची खालची टोके अडकवतात त्या भागाकडची) बाजू वाद्याच्या पृष्ठभागाला काटकोनात हवी. ती पुढे झुकलेली तशीच ठेवली तर वाकते, किंवा एक दिवस धाडकन पडते आणि पृष्ठभागाला ओरखडा येतो.

दोन वाद्ये ठेवणे हा खरा उपाय. दुसरे अगदी साधे चालेल. हिंदुस्थानी मिळवणीच्या वाद्याला कोणत्या जाडीच्या तारा लावायच्या ते त्या शिक्षकांनाच विचारा. तारा बदलताना एकेक बदला. चारही एकदम काढल्या तर घोडी सुटते आणि आतला साउंड पोस्टही (वाद्याच्या पोटात उभा केलेला लाकडी दांडा) पडू शकतो.

बैठकीचाही विचार करा. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यात धरले जाते आणि मूल बहुधा उभे असते. हिंदुस्थानी पद्धतीत मांडी घालून उजवा पाय थोडा पुढे घेतात, व्हायोलिनचे टोक घोट्यावर टेकते आणि दुसरे टोक छातीला किंवा खांद्याला लागते. त्यामुळे डाव्या हाताला वाद्य पेलावे लागत नाही आणि तो मींडीसाठी मोकळा राहतो. दोन्ही ठेवणी मुलाला शिकता येतात, पण एकदम नव्हे. एका पद्धतीत निदान दोन वर्षे जाऊ द्या. एका पद्धतीत शिकलेला शिक्षक दुसरी शिकवू लागला की नेमकी इथेच गडबड होते : बसवून शिकवतात, पण हात उभ्या ठेवणीचाच राहतो, आणि मुलगा टोक घोट्यावर टेकवण्याऐवजी अंगठ्याने मान आवळून धरतो.

सतार शिकायची आहे. मिरजेला जाऊन आधी वाद्य घ्यावे की आधी शिक्षक शोधावा? — अमरावती

आधी शिक्षक. सतारीच्या तारांची रचना शिक्षकाच्या घराण्यावर ठरते. मैहर घराण्याच्या परंपरेतल्या शिक्षकाला खरज-पंचमाची सतार लागते, तिला खर्जाच्या जाड तारा असतात. इमदादखानी परंपरेतला शिक्षक गांधार-पंचमाची सतार वापरतो, तिला त्या खर्जाच्या तारा नसतात आणि त्या जागी वेगळ्या तारा लागतात. मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांची जाफरखानी शैली आहे, तिचा हातच वेगळा. एका रचनेची सतार दुसऱ्या परंपरेच्या शिक्षकाकडे नेली तर तारा, घोडी आणि खुंट्या यांचे काम पुन्हा करून घ्यावे लागते, आणि तरी आवाज मनाजोगता येत नाही.

शिक्षकाला विचारण्यासारखे आणखी दोन प्रश्न : जवारी (घोडीचा वरचा काठ घासून आवाज मोकळा करणे) कोणाकडून काढून घेता, आणि तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) स्वतः रागाप्रमाणे लावता का? घोडीवर तारेने खाच पाडली की आवाज बंद आणि बोथट होतो, मग घोडी घासून जवारी काढून घ्यावी लागते. नियमित वाजवणाऱ्या शिक्षकाचा कारागीर ठरलेला असतो. तरफांकडे जो लक्ष देत नाही त्याच्याकडे विद्यार्थ्याचा कान तयार होत नाही. वर्गात नखीचे बोल स्वच्छ करून घेतात का तेही पाहा : 'दा' आत, 'रा' बाहेर, आणि दोन्हींचा आवाज सारखा. डावा हात सतारीची दांडी पेलत असेल तर बैठक चुकली आहे. उजव्या हाताच्या वजनाने भोपळ्यावर तोल राहायला हवा.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराकडे शिक्षकांना घेऊन जा, किंवा त्यांच्याकडून घराणे, तारांची संख्या आणि षड्ज लिहून न्या.

नात न्यू जर्सीत शाळेत व्हायोलिन शिकते. तिथले शिक्षक काय शिकलेले असतात? मला तिने पुण्याच्या बाईंकडे ऑनलाइन रागसंगीत शिकावेसे वाटते. — पुणे

अमेरिकेत सरकारी शाळेतल्या वाद्यवृंदाच्या शिक्षकाला साधारणपणे संगीत-अध्यापनाची पदवी आणि राज्याचा परवाना लागतो. त्या पदवीत स्वतःचे मुख्य वाद्य असते, शिवाय व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि बास या चारही वाद्यांचे प्राथमिक वादन शिकावे लागते, आणि अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली शाळेत शिकवून दाखवावे लागते. आपल्याकडच्या वाटांत जे राहून जाते ते इथे अभ्यासक्रमात आहे. खासगी शिकवणी घेणाऱ्याला मात्र तिथेही परवाना लागत नाही. अमेरिकन स्ट्रिंग टीचर्स असोसिएशन १९४६ पासून शिक्षकांसाठी काम करते. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात पॉल रोलँड यांनी नवशिक्यांना मोकळ्या, न आखडलेल्या हालचालींनी कसे शिकवावे यावर मोठा प्रकल्प केला, त्याचा परिणाम अनेक वर्गांत दिसतो. तिथे सुझुकी पद्धतीचे शिक्षकही बरेच आहेत. शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांच्या पद्धतीत मूल आधी ऐकून वाजवते, वाचन नंतर येते आणि पालक वर्गात बसतात. या पद्धतीत शिक्षकांचे प्रशिक्षणही टप्प्याटप्प्याने होते.

रागसंगीतासाठी ऑनलाइन शिकवणी चालते, पण आवाज उशिरा पोचतो म्हणून दोघींनी एकत्र वाजवणे जमत नाही. बाईंनी वाजवायचे, नातीने ऐकून उत्तर द्यायचे. तंबोरा नातीच्या बाजूला लावा, पुण्याहून येणारा नको. कॅमेरा उजव्या बाजूने असा ठेवा की गजाची पूर्ण लांबी आणि डाव्या हाताची बोटे एकाच वेळी दिसतील. संभाषणाच्या ॲपमधले आवाजशुद्धीकरण बंद करा, नाहीतर लांब स्वर मध्येच गिळला जातो. तारांची मिळवणी आणि बैठक यांबद्दल नाशिकच्या वाचकाला दिलेले उत्तर तुम्हालाही लागू आहे.

व्हायोलिनची मध्यमा पूर्ण झाली आहे. निवृत्तीनंतर सोसायटीतल्या मुलांना शिकवायचे आहे. काय तयारी करू? — पुणे

स्वतःचे शिक्षण थांबवू नका, विशारद पूर्ण करा. पण त्याहून आधी एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या नवशिक्यांच्या वर्गात सहा महिने मदतनीस म्हणून बसा. वाद्ये लावून द्या, मुलांचे हात पाहा, शिक्षक कोणत्या क्षणी कोणाला थांबवतात ते टिपून ठेवा. प्रमाणपत्राच्या वाटेत हा भाग नसतो आणि सोसायटीच्या वर्गात पहिल्याच दिवशी त्याची गरज पडते.

सुरुवातीला चारहून जास्त मुले एका वेळी घेऊ नका. चार वाद्यांच्या सोळा तारा होतात. एका तारेला अर्धे मिनिट धरले तरी आठ मिनिटे गेली. चारही तारांना फाइन ट्यूनर (स्वर थोडासा खालीवर करायचा स्क्रू) असलेला टेलपीस घ्यायला पालकांना सांगा. खुंटी फिरवताना आत दाबून फिरवा आणि स्वर नेहमी खालून वर आणा. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, कोरड्या थंडीत त्या सुटतात. खुंट्यांची पेस्ट जवळ ठेवा, ओढाताण करू नका.

पहिल्या आठवड्यात गज देऊच नका. तंबोऱ्याबरोबर सा गाणे, मोकळ्या तारा बोटाने छेडणे आणि पेन्सिलवर गजाची पकड : अंगठा किंचित वाकलेला, करंगळी पेन्सिलवर टेकलेली. दुसऱ्या आठवड्यात खरा गज, पण फक्त मधल्या तिसऱ्या भागात, मोकळ्या तारेवर, चार मात्रांना एक फेर. पूर्ण गज चौथ्या आठवड्यापर्यंत येऊ दे. मोकळ्या तारेचा आवाज स्थिर झाल्याशिवाय डावी बोटे नकोत. घाईने तिसऱ्याच दिवशी 'सा रे ग म' घेतले की मूल डोळे बोटांवर ठेवते, गज मोकाट सुटतो, आणि पालक मात्र खूश होतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की पहिला महिनाभर गाणे ऐकू येणार नाही.

गजाच्या केसांना लावायच्या राळेचा गोंधळ हमखास होतो. नवी वडी गुळगुळीत असते, बारीक पॉलिश पेपरने तिचा पृष्ठभाग खरवडावा लागतो. नव्या गजाला पहिल्यांदा चाळीस-पन्नास फेर लागतात, एरवी चार-पाच पुरेत. कमी पडली तर गज घसरतो आणि आवाजच येत नाही. जास्त झाली तर आवाज खरखरतो आणि तारांखाली पांढरी भुकटी साचते, ती रोज कोरड्या फडक्याने पुसायची. केसांना हात लावू द्यायचा नाही. वाजवून झाले की गज सैल करायचा. कसताना केस आणि काठी यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढीच फट हवी.

बोटांच्या जागांसाठी पट्टीवर बारीक कागदी टेप लावायला हरकत नाही. मोकळी तार सा धरली तर शुद्ध रे एक नवमांशावर, शुद्ध ग एक पंचमांशावर आणि म एक चतुर्थांशावर येतो. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर खुंट्यांकडच्या लहान आडव्या पट्टीपासून घोडीपर्यंत तार साधारण ३२.८ सेंमी असते. म्हणजे रे सुमारे ३.६ सेंमीवर, ग ६.६ वर, म ८.२ वर. लहान वाद्यावर तारेची लांबी मोजून हेच अपूर्णांक घ्या. तार दाबली की थोडी ताणली जाते, म्हणून खूण किंचित खुंट्यांकडे सरकवावी लागते. शेवटी तंबोऱ्यावर ऐकूनच पक्की करा. सहा महिन्यांत टेप एकेक करून काढा. ठेवले तर मुले कानाऐवजी डोळ्याने वाजवतात.

वर्ग तीस ते चाळीस मिनिटांचाच ठेवा. दार उघडे असावे आणि लहान मुलांबरोबर एक पालक बसलेला असावा. हाताची ठेवण दुरुस्त करण्यासाठी स्पर्श करावाच लागतो, तो काय आणि कशासाठी ते मुलाला सांगून करा. जवळ तारांचा एक जादा संच, दोन मापांच्या जादा घोड्या, राळ, फडकी आणि पेन्सिली ठेवा. साउंड पोस्ट पडला तर तारा थोड्या सैल करून वाद्य पेटीत ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडेच पाठवा. चिमट्याने घरी बसवायला गेलात तर एफच्या आकाराच्या छिद्राच्या कडा तुटतात.